नाम्याच्या पायातला पट्टा

३ नोव्हेंबर, सोम.

आणला एकदाचा घरी. अलिबाग ते काशीद, दुपारच्या एस.टी.ने. नाम्या खिडकीशी बसला आणि साळावच्या पुलापर्यंत एक शब्द बोलला नाही. पूल आला तसा म्हणाला, "ताय, खाडी केवढी रुंद झाली." म्हटलं, खाडी आहे तेवढीच आहे, तुझ्या नजरेला भिंतींची सवय झालीय. बोलून गेले आणि जीभ चावली. इतक्या वर्षांनी तुरुंगातून सुटलेल्या धाकट्या भावाशी बोलायची ही काय रीत झाली? पण माझं तोंड हे असं. त्याने वाईट वाटून घेतलं नाही, किंवा दाखवलं नाही.

डाव्या घोट्यावर काळा पट्टा, त्याला साबणाच्या वडीएवढी डबी. ती म्हणे कातडीवरचा घाम हुंगत राहते. माणूस दारू प्याला की ती घामात उतरते. मग डबी घरातल्या पेटीला सांगते आणि पेटी अलिबागला, देखरेखीच्या अधिकारी सामंत मॅडमना. कोर्टाने अटीवर सोडलाय. अट एकच, दारूचा थेंब नाही. घेतली तर उरलेली शिक्षा पुन्हा आत. जिल्ह्यात मोजक्याच लोकांना प्रयोग म्हणून हे पट्टे लावलेत. नाम्याची जबाबदारी घेतल्याची सही माझी. मॅडम म्हणाल्या, "शालनताई, लक्ष तुम्हीच ठेवायचं." जन्मभर दुसरं केलंय काय मी?

वाडीत शिरलो तर सगळ्यांची नजर आधी त्याच्या पायाकडे. तोंडाकडे नंतर.

४ नोव्हेंबर

पेटीला रेंज लागते. ती हातात घेऊन घरभर फिरले, देव्हाऱ्याशेजारीच काय ती मिळाली. तिथेच ठेवली. संध्याकाळी बघते तर पेटीवर जास्वंद! आईचं काम. म्हटलं, आये, हा काय देव आहे?

"देवाच्या शेजारी बसलाय न्हवं? मग येक फूल ठेवला तं तुझा काय जातंय? माझ्या पोराची राखण त्यालाच सांगलीय."

नाम्याचे ओठ जरासे हलले. हसू म्हणता येणार नाही.

६ नोव्हेंबर

आज समुद्रावर गेला. मीही बरोबर गेले, उगाच. मंदाच्या दारावरूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. नाम्याच्या पिकअपखाली गेला तो गजानन मंदाचा नवरा. देवळातलं जेवण उरकून रस्त्याच्या कडेने घरी चालला होता बिचारा. नाम्या बर्फ घेऊन रेवदंड्याहून येत होता, पिऊन. दोघं लहानपणी एका ताटात जेवलेले. पुढचं लिहीत नाही.

मंदा ओटीवर मांदेली निवडत बसली होती. नाम्याने मान खाली घातली, तिने नाही घातली. सुटकेच्या आधी तिला विचारायला माणसं आली होती, तुमची हरकत आहे का म्हणून. त्यांना काय म्हणाली माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "येऊदे त्याला. पन परत प्याला तं मना तू सांगायचा. दुसऱ्या कोनाकरनं कळला तं बघ." मी हो म्हटलं होतं. देवाशपथ नाही घेतली, पण हो म्हटलं होतं.

९ नोव्हेंबर, रवि.

पट्टा पाण्यात बुडवायचा नाही. आंघोळ उभ्याने, तांब्याने. समुद्रात पाऊल नाही.

सकाळी होडी लोटायला सगळे कमरेपर्यंत पाण्यात आणि नाम्या कोरड्या वाळूवर दोर धरून उभा. कुणीतरी ओरडलं, "आरं ये की फुडं!" मग त्यालाच आठवलं आणि तो गप्प झाला. घरी येऊन नाम्या म्हणाला, "मी कोळी ऱ्हायलो का गं, ताय?" म्हटलं, राहिलास की, सुका बोंबील! आई हसून हसून बेजार. नाम्या उठून मागच्या अंगणात गेला. बराच वेळ आलाच नाही.

मला कधी अक्कल यायची.

१५ नोव्हेंबर, शनि.

मागच्या तीन खोल्या आणि ओटीवरची खानावळ, यावर आमचं घर चालतं. मुंबई-पुण्याची माणसं येतात, मासे खातात, वाळू आत आणतात, जातात. आता बाहेर पाटी लावलीय : इथे दारू चालणार नाही. आज एक टोळकं पाटी वाचून माझ्याशीच वाद घालायला लागलं. "मग काशीदला यायचं कशाला, मावशी?" म्हटलं, समुद्र बघायला, बाळांनो, तो फुकट आहे. गेले दुसरीकडे. दोन खोल्या रिकाम्या राहिल्या.

जे राहतात ते पिशवीत लपवून आणतात. पलंगाखाली बाटल्या सापडतात. म्हणून खोल्या मीच झाडते. नाम्याला तिकडे फिरकू देत नाही. त्याला कळतं मी का फिरकू देत नाही. बोलत मात्र दोघंही नाही.

२१ नोव्हें.

पट्टा रोज चार्ज करावा लागतो. तो पायातून निघत नाही, म्हणून नाम्यालाच वायरीला जोडून भिंतीशी बसावं लागतं. बांधलेल्या बोकडासारखा दिसतो. पहिले काही दिवस मला बघवेना. आता आई त्या वेळेला लसूण सोलायला त्याच्याजवळ जाऊन बसते. ती बोलते, तो ऐकतो. तिच्या माहेरच्या गोष्टी, बाबांच्या होडीच्या, मेलेल्या माणसांच्या. आज म्हणाली, "पोरगा येवडा कधी माझ्याजवळ बसला न्हवता. त्या येंत्राचं भलं होवो."

बायको सोडून गेली तेव्हासुद्धा हा आईजवळ बसला नव्हता. गुत्त्यावर बसला होता.

२७ नोव्हें.

सामंत मॅडम येऊन गेल्या. बाई चांगल्या आहेत, ताठ आहेत पण कुत्सित नाहीत. मोबाइलवर रेघ दाखवली. नाम्या आल्यापासूनची सगळी रेघ, सपाट. "शाब्बास, नामदेव." तो शाळेतल्यासारखा उभा होता.

पुन्हा सगळं समजावून गेल्या. घोट्याजवळ अत्तर, स्पिरिट, दाढीनंतरचं लोशन काही लावायचं नाही. आईने मान डोलावली. आमच्या घरात अत्तर आणि लोशन कोण लावतंय!

जाताना आईने त्यांना वाळवलेल्या कोलंबीचे सोडे दिले. मॅडम घेईनात. आई सोडेना. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आजी, मला हे नियमात बसत नाही." आई म्हणाली, "सोडे खायाला कसला गं नियम?" मॅडम हसल्या, पण घेतले नाहीत.

२ डिसेंबर

काम कुणी देत नाही. हॉटेलवाल्याने पाय बघितला आणि म्हणाला गिऱ्हाईक घाबरतं. नाम्याने फुल पँट घातली तरी डबीचा फुगवटा दिसतोच. किनाऱ्यावर एका बाईने विचारलं, "भाऊ, पायात घड्याळ का बांधलंय?" हा म्हणाला, येळ बघायला. इथवर ठीक होतं. घरी येऊन मला हे सांगताना त्याचा आवाज फाटला.

दुपारी मंदाच्या दारापर्यंत गेला होता म्हणे. उभा राहिला आणि परत आला. ती आत होती. दार उघडं होतं. जेवला नाही.

याला मी काय खाऊ घालू म्हणजे बरं वाटेल?

८ डिसेंबर, सोम.

आज लिहायलाच हवं. आज घरात हसणं ऐकू आलं.

आई कालपासून बोर्लीला, मावशीकडे. खोल्यांतले पाहुणे सकाळी गेले. मला मुरूडला बाजाराला जायचं होतं, परत येते तर याने तिन्ही खोल्या झाडून, चादरी धुऊन दोरीवर टाकलेल्या. रागवणार होते. पण हा अंगणात चूल पेटवून बोंबील भाजत होता आणि गात होता. नाम्या! हळदीतली गाणी, बाबांच्या आवाजात. मला म्हणाला, "बस गं, ताय, आज तू पावणी." तुरुंगातल्या आचाऱ्याची नक्कल करून दाखवली. वरणात डाळ शोधायला तो कसा चष्मा लावायचा. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग ते पाणी थांबेनाच. तो म्हणाला, रडतेस कशाला, हाय न्हवं मी?

आहे. माझा भाऊ आहे. मधल्या वर्षांत कुठे होता कोण जाणे, आज जेवायला आला.

११ डिसें., गुरु.

मार्गशीर्ष. पाहुणे नाहीत. नाम्या पुन्हा गप्प. भिंतीशी बसतो, वायर लावतो, काढतो. सोमवारी आलेला माणूस गेला परत. विचारलं, काय दुखतंय का? "न्हाय." बरं, काही हवं का? "न्हाय गं."

आई मावशीकडून जुनी घोंगडी घेऊन आलीय. तिला काय हौस.

२० डिसें., शनि.

गारठा पडलाय. पट्ट्याखाली कातडी सोलवटलीय, घोटा सुजलाय. मॅडमना फोन केला. म्हणाल्या सोमवारी येते, पट्टा दुसऱ्या पायाला बांधू, तोवर कोरडं ठेवा. घर पाहुण्यांनी भरलंय, नाताळची सुट्टी. स्वयंपाकघरातून डोकं वर काढायला सवड नाही. नाम्या लंगडत लाकडं फोडतोय. "ठणकतो का?" विचारलं. "चालतंय."

आई म्हणाली, "मी बघते त्याचा पाय, तू तुझा रस्सा बघ."

२२ डिसें., सोम.

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

सकाळी मॅडमचा फोन. आवाज वेगळाच. "शालनताई, काल संध्याकाळी नामदेवने दारू घेतलीय. यंत्राने कळवलंय." मी म्हटलं शक्य नाही. त्या म्हणाल्या, आकडा मोठा आहे. आज येणं रद्द, बुधवारी त्याला घेऊन अलिबागला या. फोन ठेवते तो पोलीस पाटील चौकशीला दारात. पाहुण्यांसमोर. वाडीसमोर.

मी नाम्याचं तोंड हुंगलं. भर अंगणात, दोन्ही हातांनी त्याचा जबडा धरून, जसं लहानपणी हुंगायची विडी ओढली का ते बघायला. काही वास नव्हता. तरी मी ओरडले. काय काय बोलले! मंदाचं नाव घेतलं, गजाननचं घेतलं. तो नुसता म्हणत राहिला, "ताय, काल मी न्हाय प्यालो." मी म्हटलं, मग काय यंत्र प्यालं?

खोल्या उलट्यापालट्या केल्या, लाकडाची रास उचकटली. काही नाही.

तुरुंगात जाऊन आलेल्या माणसावर कुणीच विश्वास ठेवत नाही, हे मला माहीत होतं. त्या कुणीत मीही आहे, हे आज कळलं.

२३ डिसें.

आईने! आईने केलं!

काल दिवसभर देव्हाऱ्यापुढे बसून होती. मला वाटलं नाम्यासाठी बसलीय. आज सकाळी तांदळाच्या डब्यातून चपटी काढून माझ्यापुढे ठेवली. ब्रँडी. तिच्या गुडघ्यांची, कापूर घातलेली. रविवारी हा भिंतीशी बसला असताना तिने सुजलेल्या घोट्याला ती चोळली. पट्ट्याच्या वर, खाली, बोट जाईल तिथे आतही. मग वरून घोंगडी.

मी म्हटलं, आये, दारूला हात लावायचा नाही म्हणून मॅडमनी बजावलं होतं ना?

"प्यायाची न्हाय म्हनल्या. मी कुटं पाजली? चोळली. बाळंतिणीला चोळतात, तान्ह्या पोराच्या छातीला चोळतात. माझ्या पोराला चोळली तं काय बिघाडला?"

बरोबरच आहे तिचं. या वाडीत जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या अंगाला पहिली दारू लागते ती अशीच. मला, नाम्याला, गजाननलाही लागली असेल. आणि नाम्याला हे कालच माहीत होतं! म्हातारीला कुणी बोलू नये म्हणून मुकाट माझ्या शिव्या खाल्ल्या त्याने.

त्याच्यापुढे जाऊन म्हटलं, चुकले. तो म्हणाला, "आयेला बोलू नको." एवढंच.

उद्या ही बाटली घेऊन अलिबाग. आणि त्या रेघेला मी बघून घेते.

२४ डिसें., बुध.

अलिबागला गेलो, मी आणि नाम्या. मॅडमनी बाटली बघितली, आईशी फोनवर बोलल्या, मग संगणकावर रविवारची रेघ उघडली आणि लगेच मान हलवली. प्यालेली दारू हळूहळू चढते, हळूहळू उतरते, रेघ टेकडीसारखी दिसते. ही रेघ सरळ सुळका होती, एकदम वर आणि एकदम खाली. "वरून लावलेली आहे. तुमचं खरं आहे." मी टेबलावर डोकं टेकून रडले. लाज वाटली नाही.

नाम्याला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. पट्टा दुसऱ्या पायाला बांधायचा माणूस यायचा होता.

मग म्हणाल्या, "चौकशी उघडली की मला मागचं सगळं बघावं लागतं." आणि बघत बघत मागे गेल्या. एका जागी थांबल्या. तिथे एक लहानसा उंचवटा. मला दाखवला नसता तर दिसलाही नसता. इतका थोडा की यंत्राने तेव्हा कळवलं नव्हतं.

८ डिसेंबर. दुपार.

"त्या दिवशीही आजींनी चोळली होती का?"

मी म्हटलं, आठवत नाही. इतक्या पटकन म्हटलं की मलाच नवल वाटलं.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हा इतका लहान आहे की आकारावरून कुणीच नक्की सांगू शकणार नाही. वरून लावली असेल तर तसं लिहीन. नसेल तर दिसतंय ते लिहीन. रिपोर्ट सोमवारी कोर्टात जातोय. सकाळी आजींना घेऊन या. घरच्यांनी सांगितलेलं मी धरते."

परतीच्या एस.टी.त नाम्या सारखा बोलत होता. सुटलो म्हणाला. आयेला काय नेऊ विचारलं. मी खिडकीबाहेर बघत आले.

२५ डिसें.

पाहुणेच पाहुणे. कोलंबीचं कालवण खारट केलं, आयुष्यात पहिल्यांदा. विचारलं नाही. सबंध दिवस तो माझ्या मागेपुढे होता आणि मी विचारलं नाही.

माझं हसणं आठवतंय मला त्या दिवशीचं. मरो ते हसणं.

२७ डिसें., शनि.

विचारलं. किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांत, घरापासून लांब.

काटकीने वाळूत रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, खोली झाडताना पलंगाखाली बाटली होती, तळाला उरलेली. फेकायला बाहेर घेऊन गेलो.

"किती?"

"दोन घोट."

गजाननच्या वेळी कोर्टात दोन घोटच म्हणाला होता.

मी काही बोलले नाही, हे माझ्यासाठी नवीनच. तोच बोलत राहिला. "सुटल्यापासनं समदी माझ्या पायाकडं बघतात. आये बघते, तू बघतेस. त्या दिशी घरात कोन न्हवता. दोन घोट घेतलं आनि मना वाटला, मी माझ्या घरात हाय." मग माझ्याकडे न बघता, "त्या दिशी मी बरा व्हतो न्हवं, ताय?"

होता. तेच तर दुखतंय. इतक्या वर्षांत एक दिवस माझा भाऊ मला परत मिळाला आणि तो बाटलीच्या तळातून मिळाला. शुद्धीवरचा भाऊ भिंतीशी बसून असतो, एका शब्दाला महाग. मला कोणता हवाय, असं कुणी विचारलं तर मी काय सांगणार होते?

त्यानंतर घेतली का, विचारलं. आईची शपथ घेऊन नाही म्हणाला. रेघही तेच सांगते. मी खोटं बोलावं असं त्याने म्हटलं नाही. "तुला काय सांगायचं ता सांग. मी आडवा येनार न्हाय." आणि चपला हातात घेऊन ओल्या वाळूच्या काठाकाठाने चालत गेला. पाण्यात मात्र पाय घातला नाही, अट पाळतो.

मला त्याचा राग येतो. राग येतो आणि त्याला जेवायला वाढताना हात जड होतो. पुन्हा आत गेला तर आई त्याला परत बघणार नाही, हे मला माहीत आहे. बाहेर राहिला आणि पुन्हा पिकअप हाती आली तर? पुन्हा कुणी देवळातून जेवून रस्त्याच्या कडेने निघालं तर?

हे सगळं ठरवायला मी कोण? एक सही केली म्हणून?

२८ डिसें., रवि.

नळावर मंदा. घागर भरली तरी उचलेना. मी ओळखलं.

"पोलीस पाटील आल्ता म्हनं तुमच्याकडं."

मी आईचं सगळं सांगितलं. ब्रँडी, कापूर, घोंगडी, सुळका. ती ऐकत राहिली आणि मग, देवा, ती हसली. "म्हातारी पन ना!" गजानन गेल्यापासून माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. तिच्या पुढच्या दातांत फट आहे हे मी विसरले होते.

मग घागर डोक्यावर घेतली आणि तशीच उभी राहून विचारलं, "बाकी काय न्हाय ना?"

मी म्हटलं, न्हाय.

ती बरं म्हणून गेली. मला वाटलं तिने ओळखावं, मागे वळावं, चार शिव्या द्याव्यात. वळली नाही. विश्वास ठेवून गेली.

घरी येऊन आईला म्हटलं, उद्या मॅडमकडे जायचंय, त्या आठ तारखेचंही विचारतील. आईने डोक्याला ताण दिला. "आठ तारीख? मना काय ध्यानात न्हाय बाय. पन तवा पन चोळली आसंल. पाय तं त्याचा कवापासनं दुखतंय." नाम्या तिथेच वायर लावून बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी भाकऱ्या थापायला घेतल्या.

२९ डिसें., सोम., सकाळ

ओटीवर बसून लिहितेय. गाडीला वेळ आहे थोडा.

आई पहाटेच उठून तयार. हिरवं लुगडं, ठेवणीतलं. कोर्टकचेरीचं काम म्हणजे माणूस नीट दिसलं पाहिजे म्हणते. नाम्याने दोन शर्ट, टॉवेल आणि दात घासायचा ब्रश पिशवीत भरलाय. आईने विचारलं, एका दिवसाला येवडं कशाला? म्हणाला, असूदे. चहा मात्र मीच करतो म्हणून त्यानेच केला. साखर जास्त झालीय.

आई आल्यागेल्याला सांगतेय की तिच्यामुळे पोराला त्रास झाला आणि आज ती निस्तरून येणार. पुन्हा पुन्हा तेच वाक्य घोकतेय. "दोन्ही येळंला मीच चोळली. असाच सांगायचा न्हवं, शाले?"

मी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. आठ तारखेला ती बोर्लीला मावशीच्या घरी होती. एवढी आठवण करून दिली की तिला सगळं कळेल. मी सांगितलं नाही, नाम्यानेही नाही. आम्ही दोघं दोन बाजूंना बसलोय आणि ती मधे, मांडीवर पिशवी धरून.

माझी आई कधी कुणाशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. आजही ती खरंच सांगायला निघालीय.

गाडी आली.